तिने माझी सगळी पत्रं परत पाठवली

खाडीकाठ

मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या. सल्ला हवा आहे, पण आधी सगळं सांगितल्याशिवाय कोणी तो देऊ शकणार नाही.

मी अलिबागची. जन्म १९५३चा. आमच्या घरापासून चार घरं सोडून बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. गावात त्यांना जुनी माणसं ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. मला कळायला लागलं तेव्हा घाणा गेला होता. तिचे वडील कचेरीत कारकून होते. ती माझ्याच वर्गात. तिचं नाव इथे लिहीत नाही. तसंही मी तिला नावाने कधी हाक मारली नाही. ती मला ‘बाय’ म्हणायची, मी तिला ‘बाय’. आजही तसंच.

शनिवारी त्यांची चूल पेटायची नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिची आई काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर तेल घालून वात लावायची, आणि मी उंबऱ्यावर बसून ती वात बघायची. आमच्याकडे त्याच वेळी देवाजवळ दिवा लागलेला असायचा. दोन दिव्यांत फरक काय, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, “तेल तेच आहे.” माझ्या आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालं होतं.

त्यांच्या सणांची नावं तेव्हा इतकी ओळखीची होती की ती वेगळी आहेत हे मला फार उशिरा कळलं. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. दारफळणीला घरातली मोठी माणसं दिवसभर कडक उपास करून पांढऱ्या कपड्यांत मशिदीत जायची (त्यांच्या प्रार्थनाघराला ती मशीदच म्हणत). दुसरा दिवस शिळा सण, म्हणजे भेटीगाठींचा, आणि त्या दिवशी पहिली फेरी आमच्याकडे. पावसाळ्यात त्यांचा एक उपास वालाच्या बिरड्याने सुटायचा. आमचे श्रावणी सोमवारही बिरड्यानेच. काही वर्षी दोन्ही घरांत एकाच दिवशी वाल भिजायचे आणि आम्ही दोघी एका पायरीवर बसून दोन्ही घरचे वाल सोलायचो. तिची आजी म्हणायची, “मिसळू नका गो पोरींनो, मोजून दिलेत.” आम्ही मिसळायचो.

ती कोळंबी खात नसे, खेकडे खात नसे. “खवलं नाहीत त्याला,” एवढंच सांगायची. मी तिच्यासमोर कोळंबी खाणं सोडलं. तिने सांगितलं नव्हतं, मलाच नको वाटायचं.

त्यांच्या परसात बकुळ होती. पहाटे फुलं वेचायची आणि शाळेत न्यायची. वाळली तरी वास जात नाही, म्हणून माझ्या भूगोलाच्या पुस्तकात वर्षभर असायची. ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जायचो, गणपतीपुढे ती बाहेर थांबायची आणि मी आत जाऊन दोघींच्या वतीने बकुळ ठेवून यायचे.

१९७० साली मार्चमध्ये एसएससीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात ते सगळे गेले. इस्राएलला. घर विकलं नव्हतं अजून, एका नातेवाइकाकडे किल्ली होती. रेवसच्या धक्क्यावर मी सोडायला गेले होते. लाँच सुटताना तिने ओरडून सांगितलं, “बकुळीला पाणी घाल गो!” मे महिना होता.

त्यांना घर मिळालं दिमोनाला. नेगेवच्या वाळवंटात. अलिबागच्या मुलीला समुद्र नाही, पाऊस नाही, असलाच तर चार थेंब. पहिल्या पत्रात एकच ओळ दोनदा लिहिली होती: “इथे भिंतींना ओल येत नाही.”

तेव्हापासून आम्ही लिहीत आलो. निळी हवाई पत्रं. ती कापडाच्या गिरणीत लागली, मी शाळेत शिक्षिका झाले. तिचं लग्न, माझं लग्न, तिची तीन मुलं, माझ्या दोन मुली. आमच्या पोस्टमनने माझं नाव ‘इस्राएलवाल्या बाई’ ठेवलं होतं. १ जानेवारी १९८१ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तरी तिने पत्त्यात ‘जिल्हा कुलाबा’ लिहिणं सोडलं नाही, आणि एकही पत्र चुकलं नाही. १९८६मध्ये ती एकदा येऊन गेली, सोळा दिवस. नंतर फोन आले, मग मोबाइल, पण पत्रं थांबली नाहीत. शेवटचं २०१९चं आहे. तिचे हात थरथरायला लागले म्हणून.

आता मुद्दा. मागच्या महिन्यात तिचा भाचा इथली मशीद बघायला आणि अलिबागजवळच्याच खंडाळ्यापाशी एलियाहू हन्नाबी ह्या त्यांच्या प्रेषिताच्या जागी मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्य) करायला आला होता. त्याने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत माझीच पत्रं. १९७०पासूनची सगळी, वर्षावार सुतळीने बांधलेली. चिठ्ठी नाही, काही नाही.

मला रडूच आलं. पन्नास वर्षं जपून ठेवलेली वस्तू माणूस परत का करतो? तिला मी विचारलेलं नाही. विचारायचा धीर होत नाही. आणि ह्या दोन ढिगांचं, तिच्या आणि माझ्या, आता मी काय करू?

---

चौलची चाफेकळी

खाडीकाठताई, दोनदा वाचलं. मी रेवदंड्याची. आमच्या आळीतही चार घरं होती, आता एकच कुटुंब उरलंय. तुम्ही बिरड्याचं लिहिलंत आणि माझ्या काकूच्या हाताचा वास आला. नवगावला त्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही गोष्ट आम्हाला शाळेच्या सहलीत तिथल्या स्मारकापाशी गुरुजींनी सांगितली होती. ज्या गावी राहिले त्या गावाचं आडनाव लावलं. नवगावकर, पेझारकर, किहीमकर, रोहेकर. गावं सोडून गेले तरी गावं नावात घेऊन गेले.

तिला विचारा. कृपा करून विचाराच.

---

कागदवेडा

तुमच्या मनाचं मी काही सांगू शकत नाही, कागदाचं सांगू शकतो. जुन्या दप्तरांचं काम अठरा वर्षं करतोय.

पहिली गोष्ट, लॅमिनेशन करू नका. कोणी कितीही सांगितलं तरी. गरम प्लॅस्टिकमध्ये गेलेला कागद परत निघत नाही. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि अक्षरं खातो. पिना, स्टेपल असतील तर हलक्या हाताने काढा, अलिबागच्या हवेत त्या गंजल्या असणारच. सुतळी सोडा, तिने कडा कापल्या जातात.

हवाई पत्राचा कागद पातळ आणि तीनदा घडी घातलेला असतो. घडीवर तो फाटतो. म्हणून एकदाच उघडा, सपाट करा आणि पुन्हा घडी घालू नका. वर स्वच्छ काच ठेवून दिवसभर राहू द्या. उन्हात अजिबात नको, बॉलपेनची निळी शाई उडते. स्कॅन करताना किमान ३०० डीपीआय ठेवा, शाई फिकी असेल तर ६००. रंगीत करा, काळंपांढरं नको. पाकिटं, तिकिटं, पोस्टाचे शिक्के हेही स्कॅन करा. पावसाळ्यात लाकडी कपाटात ठेवू नका, कसर लागते. पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दर दोन महिन्यांनी बदलायच्या.

आणि एक. दोन्ही ढीग वेगळे ठेवू नका. तारखेने एकात एक लावा. प्रश्न आणि उत्तर शेजारी आले की ते एकच पत्र होतं.

---

तिसरी पाळी

मी लालबागचा. चाळीत माझा एक मित्र होता. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच खात्यात, साच्यावर. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही आठवीत होतो. भोंगा वाजायचा बंद झाला. आमच्या आयांना सकाळी उठायला घड्याळ लागायला लागलं, हे मला सगळ्यात जास्त आठवतं. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. आज मिटेल, उद्या मिटेल असं करता करता त्याच्या घरच्यांनी १९८३च्या मे महिन्यात खोली भाड्याने देऊन गाव गाठलं, कणकवलीच्या पुढे आत कुठेतरी. परळ डेपोतून रात्रीची एसटी. आम्ही दोघांनी ठरवलं होतं, दर महिन्याला एक कार्ड. १५ पैशांचं पोस्टकार्ड.

त्याची अकरा कार्डं आली. माझी नऊ गेली. शेवटच्या कार्डात त्याने लिहिलं होतं, “शाळा सोडली, गडग्याच्या कामाला जातो, तू लिहीत रहा.” मी दहावीत होतो. काय लिहू ते कळेना. मी शाळेत जातोय आणि तो दगड वाहतोय. लाज वाटली. म्हणून नाही लिहिलं. आज नाही, उद्या लिहू, असं करत राहिलो. मग कोकण रेल्वे झाली, १९९८ला. त्या गाडीने मी पन्नास वेळा कणकवलीवरून गोव्याला गेलोय. उतरलो एकदाही नाही.

ताई, तुमच्याकडे पिशवीभर पत्रं आहेत. तिने का पाठवली, ह्याचं वाईट वाटण्याआधी माझ्याकडे बघा. माझ्याकडे अकरा कार्डं आहेत आणि उत्तर द्यायचं राहिलेलं आहे.

---

स्पष्टच

सगळ्यांपेक्षा वेगळं बोलतोय, राग मानू नये. बालमैत्रीला आपण फार चढवतो असं मला मनापासून वाटतं. सातव्या वर्षी शेजारी राहणारा मुलगा मित्र होतो कारण तो शेजारी राहतो. तीस वर्षांनी दोन अगदी वेगळी माणसं ‘आठवतं का’ ह्या एका शब्दावर बसून राहतात. माझ्या शाळेच्या गटात हेच चालतं. मला चाळिशीत भेटलेले दोन मित्र माझ्या आजाराच्या वेळी रात्र रात्र बसले. बालमित्रांनी फुलांची चित्रं पाठवली. तुमच्या मैत्रिणीने कदाचित शांतपणे एक गोष्ट पूर्ण केली असेल. त्यात वाईट काय?

---

खाडीकाठ

@स्पष्टच, राग नाही. तुमचे दोन मित्र तुम्हाला लाभले ह्याचा आनंद वाटला. पण एक सांगते. माझी आई १९७८मध्ये गेली. ज्या माणसांना तिचा आवाज माहीत आहे अशी ह्या जगात आज तिघं आहेत. मी, माझा धाकटा भाऊ आणि दिमोनातली ती. भाऊ तेव्हा अकरा वर्षांचा होता, त्याला फारसं आठवत नाही. आई मला रागावताना ‘अगो म्हशी’ म्हणायची ते आणखी कोणाला ठाऊक आहे? माझ्या नवऱ्याने आईला कधी बघितलंही नाही. चाळिशीत भेटलेली मैत्रीण माझ्यासाठी जीव टाकेल, पण हे ती आणणार कुठून?

@तिसरी पाळी, तुम्ही कणकवलीला उतरा. खरंच उतरा.

@कागदवेडा, सुतळी आजच सोडली.

---

उमरग्याकडचा

किल्लारीपासून आमचं गाव जवळ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, उशिरा झोपलो आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. मी नऊ वर्षांचा. घरातला मी आणि चुलता राहिलो. पुढे आमच्या भागातली हजाराच्या वर मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, वाघोलीला. तिथे पलंगावर शेजारी जो मुलगा आला तो माझा मित्र. पहिले काही महिने आम्ही बोललोच नाही. रात्री लाइट बंद झाली की तो हात लांब करून माझ्या पलंगाची दांडी धरायचा. जमीन हलली तर कळावं म्हणून. मग मी त्याच्या पलंगाची धरायला लागलो.

तो आता औशाला दुकान चालवतो, मी पुण्यात. दर ३० सप्टेंबरला पहाटे चार वाजता एकमेकांना फोन करतो. “जागा आहेस?” “हाव.” बस, ठेवतो.

शेजारी पलंग होता म्हणूनच मैत्री झाली, स्पष्टच यांचं तेवढं खरं आहे.

---

नेगेववाली

ताई, मी बीरशेबाला राहते, दिमोनापासून अर्ध्या तासावर. माझं माहेर ठाणं, सासरची मंडळी पेणकडची. थोडं इथलं सांगते, म्हणजे पिशवीचा अर्थ लागेल.

दिमोना, अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा, इथे आपली माणसं पुष्कळ आहेत. दिमोनात तर किराणा दुकानात पोहे, वाल, आमसुलं सहज मिळतात. पहिली पिढी मराठीत भांडते, मराठीत देवाचं नाव घेते. लग्नाआधी मेंदी आणि हिरव्या बांगड्या अजून आहेत. दुसऱ्या पिढीला बोललेलं कळतं. तिसऱ्या पिढीला ‘जेव’, ‘इकडे ये’, ‘गप बस’ एवढं येतं. देवनागरी वाचणारं मात्र आमच्या आजूबाजूच्या घरांत साठीच्या खाली मला कोणी भेटलेलं नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पत्रांचे गठ्ठे होते. नणंदेने मला विचारलं, “ह्यात काय लिहिलंय?” मी होते म्हणून वाचलं गेलं. मी नसते तर?

तुमच्या मैत्रिणीला हे दिसत असणार. तुमची पत्रं वाचता येतील अशा घरी तिने ती पाठवलीत, असं मला वाटतं.

---

मधली सुट्टी

नेगेववाली, अगदी हेच मनात आलं होतं, शब्द सापडत नव्हते. ताई, फोन कधी करताय? आम्ही सगळे थांबलोय.

---

खाडीकाठ

केला. काल, रविवारी.

शनिवारी ती फोन घेत नाही, म्हणून रविवार. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे तिच्याकडे दुपारचे साडेतीन. मुलीने फोन धरला होता. ती आता मुलीकडे अश्दोदला राहायला आली आहे, दिमोनाचं घर सोडलं. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाली. “पण हा समुद्र मागे हटतच नाही गो. ओहोटीला हातभर सरकतो नि थांबतो. ह्याच्यातनं किल्ल्यात चालत कसं जायचं?”

मी विचारलं, “बाय, पत्रं का पाठवलीस?”

ती म्हणाली, “मी गेल्यावर पोरं टाकणार नाहीत, जपतील. पण नुसतीच जपतील. तुझं अक्षर बघत बसतील. मला नको वाटलं.” मग म्हणाली, “आणि मला आता वाचायला दिसत नाही. तू वाच. मला ऐकायचंय.”

तर आता असं ठरलंय. कागदवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही ढीग तारखेने एकत्र लावलेत. दर रविवारी दोन पत्रं. एक तिचं, एक माझं. दोन्ही मीच वाचायची. तिची मुलगी फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवते आहे. तिला मराठी वाचता येत नाही, पण ऐकून बरंच कळतं.

---

चौलची चाफेकळी

डोळे भरून आले. दर रविवारी इथेही थोडं लिहाल का?

---

तिसरी पाळी

सोमवारची रात्रीची गाडी काढली आहे. कणकवली. त्याच्या गावाचं नाव अकराव्या कार्डावरच्या शिक्क्यात अर्धं उमटलंय. बघू.

---

खाडीकाठ

@तिसरी पाळी, कार्डं बरोबर न्या. सगळी अकरा.

चाफेकळी, आज पाचवा रविवार झाला. एक सांगायचं आहे, हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

त्यांचं घर १९७२मध्ये विकलं गेलं. नव्या मालकाने मागे खोल्या वाढवल्या आणि त्यात बकुळ गेली. मी शाळेतून येताना फांद्या रस्त्यावर पडलेल्या बघितल्या. आणि तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असायचीच: “बकुळ कशी आहे?” वाळवंटात नवी नवी गेलेली मुलगी. मी लिहिलं, “फुललीय.” पुढच्या वर्षी पुन्हा लिहिलं. तिचा विश्वास बसावा म्हणून देवळाच्या आवारातल्या बकुळीची फुलं वाळवून पाकिटात घालून पाठवली. अशी चौदा वर्षं. १९८६मध्ये ती आली तेव्हा त्या आळीत तिला न्यायचं टाळलं. कधी पाऊस आहे म्हटलं, कधी रस्ता खणलाय. सोळा दिवस निभावून नेलं.

आज माझं १९७४चं पत्र आलं वाचायला. “बकुळ यंदा दाट बहरलीय, तुझ्या आजीला सांग.” मी वाचता वाचता थांबले. पुढे जाईना. मग सांगून टाकलं. बाय, झाड नव्हतं. मी खोटं लिहिलं.

ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “माहीत आहे. शहाऐंशीला दुसऱ्याच दिवशी पहाटे तू झोपलेली असताना मी गेले होते. तिथे मोरी बांधली होती.”

मी म्हटलं, “मग बोलली का नाहीस? नंतरही विचारत राहिलीस की दर पत्रात, कशी आहे म्हणून.”

“तू फुलं पाठवत होतीस ना,” ती म्हणाली. “विचारलं नसतं तर पाठवली असतीस का?”

मुलगी मागून हिब्रूत काहीतरी विचारत होती. ही तिला समजावत होती, त्यात ‘बकुळ’ एवढा एकच शब्द मला कळला.

देवळातलं झाड अजून आहे. आज सकाळी जाऊन ओंजळभर वेचून आणली, वर्तमानपत्रावर पसरून ठेवलीत. नेगेववाली, तुम्ही दिवाळीत ठाण्याला येणार म्हणाला होतात, तुमच्याबरोबर एक लहान पुडी देईन.

पुढच्या रविवारी मी थोडी मागे जाणार आहे. १९७३चं एक पत्र बाजूला काढून ठेवलं होतं. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला, ऐन दारफळणीच्या दिवशी, तिकडे युद्ध सुरू झालं आणि सात आठवडे काही कळलं नव्हतं. नंतर जे पत्र आलं ते मी एकदा वाचून घडी घातली, ती आजवर उघडलेली नाही. तिलाही त्यात काय लिहिलं होतं ते आठवत नाही म्हणते.

ते काचेखाली सपाट करायला ठेवलंय.